फरिदाची लाल चौकट

सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४. सकाळी ढगाळ, नंतर ऊन. दसऱ्याचं तोरण उतरवलं. नळाला पाणी सव्वासहाला आलं, पावणेआठला गेलं. जास्वंदीला नऊ फुलं होती, सात वाजता पाहिलं तर दोन. आबाजी येऊन गेले असणार. सरुबाई आली नाही, भांडी मी घासली. दुपारी चारला फरिदा लॅपटॉप घेऊन खाली आली. एक इंग्रजी वाक्य ऐकून अर्थ सांगा म्हणाली. ऐकलं, सांगितलं. रात्री जेवण गेलं नाही.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. वाक्य काय होतं ते मी वहीत लिहिलं नाही. आज लिहिते, पण त्याआधी फरिदा कोण ते सांगायला हवं.

फरिदा फुलारी माझ्या बारामतीच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहते. येत्या मार्चमध्ये सहा वर्षं होतील. नवरा अफजल अंड्यांचा टेम्पो चालवतो. इंदापूर, वालचंदनगर, सांगवी अशी त्याची फेरी असते. मुलगी सुहाना सातवीत आहे. फरिदा स्वतः मूळची इंदापूरची. तिचे वडील रमजान फुलारी तिथे देवळाबाहेर हार-फुलं विकायचे. दुकान म्हणजे एक लाकडी पाट, एक ओलं पोतं आणि वर ताडपत्री. फरिदा पाचवीपासून त्या पाटाशेजारी बसून हार ओवत असे. कुठल्या देवाला कुठलं फूल चालतं, कुठलं चालत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी नन्सच्या शाळेत वाढले. जे मला सासूबाईंनी लग्नानंतर शिकवलं ते या मुलीला दहाव्या वर्षी येत होतं.

एकदा मी परडीतलं मोगऱ्याचं फूल सहज नाकाशी नेलं. फरिदा जिन्यात उभी होती. म्हणाली, "काकू, वास घेतला न्हवं? आता ते देवाचं ऱ्हायलं न्हाय. तुमीच घाला केसात." मग माझं कपाळ पाहून ओशाळली. मी ते फूल केसात घातलं. संध्याकाळपर्यंत होतं.

बी.कॉम. झाल्यावर तिनं दोन-तीन ठिकाणी नोकऱ्या केल्या. करोनाच्या काळात तिला पुण्यातल्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळालं. त्या कामाचं तिनं मला सांगितलं ते असं. अमेरिकेत पुष्कळ घरांच्या बेलमध्येच कॅमेरा असतो. दारासमोर काही हललं की वीस सेकंदांची क्लिप तयार होते. मांजर आलं, पान हललं, सामान देणारा आला, काहीही. ते काय आहे हे यंत्र ओळखतं, पण यंत्राला जिथे खात्री नसते तिथे ती क्लिप माणसाकडे पाठवली जाते. ती पाहायची आणि सहापैकी एक बटण दाबायचं. रहिवासी, पाहुणा, सामान देणारा, प्राणी, काही नाही, संशयास्पद. दिवसाला चारशे-पाचशे क्लिपा. एकच क्लिप तीन जणांकडे जाते, आणि एका घराच्या क्लिपा शक्यतो त्याच तिघांकडे. बाकीचे दोघं कोण, कुठल्या देशातले, हे एकमेकांना कळत नाही. तिघांचं एकमत झालं तर मार्क वाढतात. आपण एकटे वेगळे पडलो तर घटतात. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की माणसांच्या क्लिपा देणं बंद.

फरिदाचे मार्क कधी सत्त्याण्णवच्या खाली गेले नव्हते. दुपारी दोनला ती पडदा ओढून बसायची, सहाला उठायची. लॅपटॉपच्या वरच्या भिंगाला तिनं चिकटपट्टी लावली होती. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "मी दिवसभर दुसऱ्यांकडं बघती काकू. मला ठाऊक हाय, बघणारं कोणतरी असतंय."

अमेरिका म्हणजे तिच्यासाठी दारापासून पुढची तीस फूट जागा. त्या तीस फुटांवरून तिनं त्या देशाबद्दल जे मत बनवलं ते मला मजेदार वाटायचं. संध्याकाळी चहाला खाली आली की ऐकवायची.

"तिकडं कुणी कुणाच्या घरी येतच न्हाय. पुठ्ठ्याचं खोकं येतं. ठिवणारा खोक्याचा फोटो काढतो आन् पळतो."

"मग भांडतात कुठे?"

"फोनवर. समोरासमोर हात हलवत्यात. पाठ वळली की अंगठ्यानं लिवत्यात."

तिकडची निवडणूक जवळ आली तशा तिच्या क्लिपांमधल्या अंगणांत उमेदवारांच्या पाट्या दिसायला लागल्या. "दोन घरं शेजारी. एकाकडं एक पाटी, दुसऱ्याकडं दुसरी. मधी गवताची पट्टी. त्या पट्टीवर दोन्हीकडचं कुणी पाय देत न्हाय, काकू. कुत्रंसुद्धा आपल्याच बाजूनं जातं." मी हसले होते. ती हसली नव्हती. कुत्र्याचं तिनं खरंच पाहिलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला तो माणूस पहिल्यांदा दिसला.

उजाडत होतं. दारासमोर सिमेंटची वाट, वाटेच्या कडेला लाल जास्वंदीचं भरलेलं झाड, म्हणजे मुलूख गरम असणार. चेहरे कंपनी आधीच पुसून टाकते, त्यामुळे मानेवर नुसता राखाडी डाग होता. घराचा नंबरही पुसलेला. पण बाकीचा माणूस पुसलेला नव्हता. पांढरा लेंगा, शर्टावर हाफ स्वेटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, बहुधा मुलानं किंवा सुनेनं घेऊन दिलेले. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि वाकड्या मुठीची काळी छत्री. वाटेवर उभं राहून त्यानं छत्रीच्या मुठीनं वरची फांदी ओढली, फुलं खुडली, पिशवीत टाकली आणि तो निघून गेला.

फरिदानं ते पाहिलं आणि एका क्षणात ओळखलं. मला नंतर समजावून सांगितलं. "त्यानं कळीला हात लावला न्हाय. खाली पडलेलं उचललं न्हाय. एकदापण वास घेतला न्हाय. पोराकडं गेलेला आपल्याकडचा म्हातारा असणार, सकाळच्या पूजेला फुलं काढतोय. आमच्या अब्बांकडं असली माणसं रोज यायची, फुकट एक तुळस मागायची."

"मग तू काय दाबलंस?"

तिनं बशी खाली ठेवली. "संशयास्पद."

कंपनीच्या नियमात तसंच होतं. घराच्या हद्दीत हात घालून वस्तू काढणारा अनोळखी माणूस. नियमात फूल लिहिलेलं नव्हतं, वस्तू लिहिलेलं होतं. देवासाठी फुलं काढणारा असं सातवं बटण नव्हतं. बाकीचे दोघं काय दाबणार हे तिला माहीत होतं. तेच तिनं दाबलं. त्यानंतर तीन आठवड्यांत तो माणूस तिला आणखी पाच वेळा दिसला, आणि पाचही वेळा तिनं तेच केलं. तिचे मार्क अठ्ठ्याण्णव झाले.

बटण दाबल्यावर पुढे काय होतं हे तिला तोवर माहीत नव्हतं. ऑक्टोबरमध्ये कंपनीनं काम वाढवलं. क्लिपला आता आवाज असायचा, आणि खाली त्या वस्तीतल्या लोकांनी आपल्या फोनवर जे लिहिलं असेल ते यायचं. कुठला आवाज रागाचा, कुठलं लिहिणं सभ्य, कुठलं असभ्य, हेही सांगायचं होतं. फरिदाला लिहिलेलं साधं इंग्रजी कळतं, पण अमेरिकन बोलणं पकडता येत नाही. म्हणून कुणाला दाखवायचं नाही असा नियम असूनही ती माझ्याकडे आली. मी वालचंदनगरला तीस वर्षं ऑफिसात टायपिस्ट होते, परदेशी इंजिनियर यायचे, त्यांची पत्रं मी ऐकून टाइप करायचे.

१४ ऑक्टोबरला चार वाजता आम्ही दोघी माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. क्लिपमध्ये तोच दरवाजा, तीच जास्वंद. म्हातारा नुकताच गेला होता. दार उघडून घराचा मालक बाहेर आला. उंच, पाठीत किंचित वाकलेला, पन्नाशीचा असावा. तो झाडाकडे बघत फोनवर कुणाशी तरी बोलत होता. मी तीनदा ऐकलं. त्याचं म्हणणं होतं, "पोलिसांना मी आता बोलावणार नाही. तो पुन्हा आला की मी तयार असेन."

आवाजात राग नव्हता. उद्या दाढी करायची आहे असं एखाद्यानं सांगावं तसा आवाज होता.

खाली लोकांनी लिहिलेलं मी वाचत गेले आणि फरिदाला सांगत गेले. एकानं लिहिलं होतं, हा रोज वेगवेगळ्या घरांसमोर थांबतो, घरं हेरतोय. एका बाईनं विचारलं होतं, त्याच्या हातात लांब काय आहे? दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं, मला बंदूक वाटते. तिसरा म्हणाला, ही माणसं आता सगळीकडे झाली आहेत आणि कुणी काही करत नाही. एका बाईनं मात्र लिहिलं होतं की मला तर तो कुणाचा तरी आजोबा वाटतो. तिला खाली एकवीस जणांनी सुनावलं होतं. शेवटी मालकानं स्वतः चित्र टाकलं होतं. त्यात म्हाताऱ्याभोवती लाल चौकट होती, वर 'संशयास्पद' असं लिहिलेलं. चित्राखाली त्याचे शब्द होते, मी कशाला कुणाबद्दल वाईट बोलू, कॅमेराच त्याला संशयित म्हणतोय, सहा वेळा म्हणाला. कॅमेऱ्याला खोटं बोलून काय मिळणार?

फरिदानं ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "काकू, कॅमेरा म्हंजे मी हाय."

तिला असं वाटत होतं की तिकडे नेमलेले लोक असतील, इकडून गेलेलं ते तपासत असतील. कुणी नव्हतं. तिनं बारामतीत बटण दाबलं की त्या वस्तीतल्या प्रत्येकाच्या फोनवर लाल चौकट उमटत होती.

संध्याकाळी अफजल आला तेव्हा ती अजून माझ्याकडेच होती. त्यानं दारात उभ्या-उभ्या सगळं ऐकलं. अफजल शांत माणूस आहे, टेम्पोत अंडी घेऊन हिंडणाऱ्याला शांत राहावंच लागतं.

"एवढी मोठी अमेरिका," तो म्हणाला, "तुला त्यातला एक म्हातारा सांभाळायचाय?"

"मी सांभाळायचं म्हणत न्हाय. मी ढकललाय त्याला."

"तू दाबलं नसतंस तरी बाकीच्या दोघांनी दाबलंच असतं."

"ते बाकीचे दोघं फुलारी न्हाईत. त्यांना कळलं नसंल. मला कळलं हुतं."

अफजल जिन्याकडे वळला. वर जाताना मला म्हणाला, "काकू, तिला जेवायला लावा. माझं ऐकायची न्हाय."

क्लिपच्या खाली शेरा लिहायला एक चौकोन असतो, दोनशे अक्षरांचा. दुसऱ्या दिवशी आम्ही तो वापरायचं ठरवलं. मी आधी कागदावर कच्चं लिहिलं, अक्षरं मोजली, दोनदा खोडलं. शेवटी जमलं ते असं होतं की हे वृद्ध गृहस्थ सकाळच्या पूजेसाठी फुलं गोळा करत आहेत, आमच्या देशात हा रिवाज आहे, हातात छत्री आहे, कृपया घरमालकास कळवावे. फरिदानं ते उतरवून घेतलं आणि त्या माणसाच्या जुन्या क्लिपला पुरवणी म्हणून पाठवलं. नव्या क्लिपा आल्या तशी प्रत्येकीखाली तेच लिहिलं, आणि बटण दाबलं 'पाहुणा'. बाकी दोघांनी दाबलं 'संशयास्पद'. तिचे मार्क सत्त्याण्णव झाले, मग शहाण्णव.

गुरुवारी पुण्याहून तिचा टीम लीडर ऋतिक याचा फोन आला. फरिदानं तो स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला आणि तोंडावर बोट ठेवून मला गप्प बसायची खूण केली.

"फरिदा मॅडम, तुमच्या शेऱ्यात अचानक एवढं भारी इंग्रजी कुठून आलं? शेजारी कोण बसतं तुमच्या?"

"माझी चुलती."

"चुलतीला कामावर घेतलेलं नाही आपण."

"मग तिच्या शेऱ्याचं काय झालं ते तरी सांगा. पोचला का तिकडं?"

"मॅडम, तो चौकोन कुणी वाचत नाही. शब्द किती वेळा येतात ते यंत्र मोजतं, बस. तुम्हाला जे दिसतं तेच दाबा."

"मला दिसतंय ते पूजा दिसतीय."

ऋतिक वाईट मुलगा नसावा, आवाज थकलेला होता. "हे बघा, न विचारता दुसऱ्याच्या झाडाची फुलं घेणं म्हणजे मालकाच्या दृष्टीनं चोरीच ना? तुमच्या घरची कुणी नेली तर?"

फरिदानं माझ्याकडे पाहिलं नाही, पण मी उठून पाणी प्यायला गेले. आबाजी आमच्या मागच्या गल्लीत राहतात, मूळचे कन्हेरीचे. सकाळी साडेसहाला छत्री आणि पिशवी घेऊन निघतात. माझे पती गेल्यापासूनच्या माझ्या साऱ्या वह्यांत दर आठ-पंधरा दिवसांनी एक ओळ आहे, 'फुलं पुन्हा चोरीला.' मी 'चोरीला' हाच शब्द लिहीत आले. गेल्या एक-दोन वर्षांतच तिथे त्यांचं नाव लिहायला लागले.

त्या घराच्या क्लिपा आमच्यापर्यंत यायला एक-दोन दिवस लागत. म्हणजे आम्ही जे पाहायचो ते केव्हाच होऊन गेलेलं असायचं. हे डोक्यात ठेवून पाहणं फार अवघड होतं. फरिदा म्हणायची, "इजेचा उजेड आदी आन् गडगडाट मागनं, तसं हाय."

शनिवारी, १९ तारखेला आलेल्या क्लिपमध्ये माणूस नव्हता. दारासमोर, झाडाकडे तोंड करून, एक घडीची खुर्ची ठेवलेली होती. खुर्चीशेजारी जमिनीवर कप.

सोमवारी खुर्चीत मालक बसलेला होता. पहाटेचा गारवा असावा, गुडघ्यांवर चौकड्यांचं ब्लँकेट होतं. ब्लँकेटखाली आडवं काहीतरी लांब होतं, एक टोक डाव्या बाजूनं थोडं बाहेर. तो पूर्ण वीस सेकंद हलला नाही. पक्ष्यांचा आवाज येत होता. म्हातारा त्या दिवशी आला नव्हता. फरिदानं 'रहिवासी' दाबलं, तिघांचं एकमत झालं.

"आजारी पडला असंल म्हातारा," ती म्हणाली. "पडू दे. आठ दिवस पडू दे."

तिनं ऋतिकला स्वतःहून फोन केला. तिकडच्या पोलिसांना कळवता येईल का, विचारलं. त्यानं सांगितलं, कुठलं गाव ते आपल्यालाही दिसत नाही मॅडम, आणि दिसलं तरी कळवता येत नाही, करारात आहे. मग त्यानं तिला पुन्हा समजावलं की तिनं स्वतःची नोकरी सांभाळावी.

मंगळवार, २२ ऑक्टोबर. ही क्लिप मी फरिदाच्या खांद्यामागे उभी राहून पाहिली, बसायला सुचलं नाही. म्हातारा झाडापाशी होता. छत्री वर, मूठ फांदीत अडकलेली. एक फूल खुडलं, पिशवीत गेलं. दुसऱ्या फुलाकडे हात जाता-जाता तो थांबला. राखाडी डाग दाराच्या दिशेनं वळला. त्यानं घाई केली नाही. छत्री फांदीतून सोडवली, काखेत धरली, आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. पिशवी मनगटावर लोंबत होती. काखेतल्या छत्रीचं टोक पुढे आलेलं होतं, ते थेट दाराकडे होतं.

खुर्चीचे पाय सिमेंटवर घासल्याचा आवाज आला. ब्लँकेटचं एक टोक खालून सरकत गेलं.

वीस सेकंद संपले.

फरिदानं ती पुन्हा लावली. मग पुन्हा. प्रत्येक वेळी ब्लँकेट तेवढंच सरकायचं. खाली सहा बटणं वाट पाहत होती. दीड मिनिटात उत्तर दिलं नाही तर क्लिप दुसऱ्याकडे जाते. ती हलक्या आवाजात म्हणत होती, "हात जोडलेत की वो त्यानं. हात जोडलेत." तिनं 'पाहुणा' दाबलं. बाकी दोघांनी काय दाबलं ते संध्याकाळी कळलं. तिचे मार्क चौऱ्याण्णववर आले.

पुढे चार दिवस त्या घराची एकही क्लिप आली नाही. रविवारी आली. भर दुपारचं ऊन, खुर्ची नाही. जास्वंद गुडघ्याएवढी छाटलेली होती. मालक रबरी पाइपनं सिमेंटची वाट धूत होता. झाडापासच्या एकाच जागी तो बराच वेळ पाणी मारत राहिला, मग पाइप गुंडाळायला वाकला.

त्यातून काही सिद्ध होत नाही. झाड छाटलं की पानं पडतात, पानं पडली की वाट धुतात. मी फरिदाला हेच म्हटलं आणि तिनं मान हलवली. तिनं 'रहिवासी' दाबलं. तिघांचं एकमत झालं.

मी पुढे जवळजवळ महिनाभर रोज सकाळी टॅबवर अमेरिकेच्या बातम्या वाचत होते. दुसऱ्याच्या दाराशी किंवा अंगणात गेलेल्या माणसावर घरमालकानं गोळी झाडल्याच्या बातम्या एकापेक्षा जास्त सापडल्या, जुन्याही आणि नव्याही. त्यात आमचा माणूस आहे की नाही हे ओळखायला माझ्याकडे छत्रीशिवाय काही नव्हतं. छत्री कुठल्याच बातमीत नव्हती. मग मी वाचणं थांबवलं.

नोव्हेंबरमध्ये मार्क चौऱ्याण्णवच्या खाली गेले आणि फरिदाला माणसांच्या क्लिपा देणं बंद झालं. आता तिच्याकडे रस्त्यावरच्या गाड्या येतात. ट्रक, बस, सायकल, असं दाबायचं. बरं झालं म्हणाली, गाडीला हात नसतात. पण तिच्यात एक सवय राहिली आहे. माझ्या दाराशी आली की बेल वाजवते, दोन पावलं मागे सरकते आणि दोन्ही हात मला दिसतील असे पुढे धरून उभी राहते. इतकी वर्षं ती न वाजवता आत यायची. मी एकदा म्हटलं, हे काय, तर हात खाली घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच.

डिसेंबरच्या पहिल्या दिवशी आमच्या समोरच्या बंगल्याचे विजयसिंह, जे कॉलनीचे सेक्रेटरी आहेत, त्यांनी दाराला तसली बेल बसवली. त्यांच्या मुलानं परदेशातून आणली. निळा बारीक दिवा आहे, आणि तो थेट माझ्या फाटकाकडे बघतो. विजयसिंह मला म्हणाले, "बाई, तुमच्या घराचीपण राखण आमच्याकडनं फुकटात. कॉलनीच्या ग्रुपवर सगळ्यांना टाकणार हाय मी." मी आभार मानले. फरिदा गच्चीत कपडे वाळत घालत होती. ती ओला टॉवेल हातात धरून तशीच थांबली.

बुधवारी सकाळी साडेसहाला मला बाहेर बोलणं ऐकू आलं. खिडकीतून पाहिलं तर फरिदा फाटकाशी होती आणि समोर आबाजी, छत्रीची मूठ जास्वंदीत.

"आबा, उद्यापासनं बेल वाजवून येत जा."

"कुठली बेल?"

"काकूंची. दारापाशी जायचं, बेल वाजवायची, त्यांनी दार उघडलं की मग फुलं काढायची."

आबाजींनी छत्री खाली घेतली. "पोरी, चाळीस वर्षं मी हितनं फुलं नेतोय. हे घर बांदायच्या आदी हितं बांध हुता, तवापासनं. द्येवाला भेटायला टाइम घ्यायचा व्हय आता?"

"तसं न्हाय, आबा."

"मग कसं? बाईंनी सांगितलंय का तुला?"

फरिदानं समोरच्या निळ्या दिव्याकडे एकदा पाहिलं. तिला काय सांगता येणार होतं? ती म्हणाली, "काकूंनी न्हाय. मीच सांगतीय. आन् ती छत्री आणू नका. हातात लांब काय घेऊ नका."

"का?"

"लांबनं बंदूक दिसती."

आबाजी आधी हसले. तिचं तोंड पाहून मग हसायचे थांबले. त्यांनी पिशवीत हात घालून त्या दिवशीची तीन फुलं बाहेर काढली, फाटकाच्या खांबावर ठेवली आणि परत फिरले. मी चप्पल घालून बाहेर येईपर्यंत ते गल्लीच्या वळणापर्यंत गेले होते. मी हाक मारली. त्यांनी मागे पाहिलं नाही, छत्री उलटी धरली होती, टोक जमिनीकडे.

फरिदा फाटक धरून उभी होती. "जाऊ द्या, काकू," म्हणाली. "चिडलं तर चिडलं. घरी तर जाईल."

गुरुवार, ५ डिसेंबर २०२४. थंडी. नळाला पाणी सहा वाजता. सरुबाई आली. अर्धा लिटर दूध जास्त घेतलं, आबाजी आले तर चहाला. आबाजी आले नाहीत. जास्वंदीला अकरा फुलं होती, संध्याकाळी अकराही झाडावरच मिटली.